माझ्यामागे उत्तरं कोण देणार?

राहुरी, सोमवार

प्रिय अँड्र्यूदादांस धाकट्या मोझेसचा सप्रेम सलाम. प्रभूच्या दयेने इकडे सगळे बरे आहेत (सगळे म्हणजे मी एकटाच). तुमचा गुडघा काय म्हणतोय? राजूरचे चढउतार त्याला झेपतात का?

दादा, मी फार घाबरलोय. म्हाताऱ्यांच्या पाहणीवाली ती अश्विनी, दर दोन वर्षांनी येते, मूठ आवळायला लावते, दहा शब्द वाचून परत म्हणायला सांगते (मागे मी पाठ केलेले शब्द धडाधड म्हटले, तर ते आदल्या खेपेचे निघाले). पोटचा पोरगा माझा वाढदिवस विसरेल, ही नाही. यंदा तिला चुकवायला मी मोबाईल बंद करून सुप्याला एंजेलाकडे जाऊन बसलो, तर बाई तिथे दारात हजर! ‘घर बदललं तर कुठे सापडाल’ म्हणून पहिल्या वर्षी मीच भाचीचा पत्ता दिलेला. आपल्याच हाताने पायावर धोंडा.

पळालो का, ते सांगतो. शेजारचे सहादेव उन्हाळ्यात गेले. मला वाटलं, सुटले. पण ही त्यांच्या राहीबाईपाशी येऊन बसली आणि शेवटी काय खात होते, कुठे दुखत होतं, रडायचे का, सगळं विचारून गेली. राहीबाईंनी चोरून खाल्लेल्या जिलबीसकट सगळं सांगितलं. म्हणजे मेल्यावरही सुटका नाही!

“एकदा घेतलेलं मानूस आमी सोडत न्हाई, बाबा,” अश्विनी म्हणाली. “तुमच्या माघारी कोन सांगंल?”

पोराचं, जस्टिनचं नाव ओठांवर आलं. पण फोनवर मी त्याला नेहमी ‘बरा आहे’ एवढंच सांगतो; तो बिचारा तेच सांगणार. तुमची भावजय दया आज हयात असती तर प्रश्नच नव्हता. मरणाचं एक वेळ राहू द्या, पण आपल्याबद्दल कोणालाच काही ठाऊक नसताना मरायचं? शेवटी एक नाव सांगून मोकळा झालो.

वहिनींना सलाम.

आपला,
मोझेस

ता. क. ते नाव तुमचं आहे. तिचा फोन आला तर कर्जवाल्यांचा समजून कापू नका. तुम्ही माझ्याहून मोठे, हे ऐकून ती जरा थबकली होती. तेव्हा कृपा करून माझ्याआधी जायचं नाही.

आणखी एक. उत्तर चुकू नये म्हणून लिहितो: एकट्याने जेवायला बसायची मला भीती वाटते, म्हणून ओट्यापाशी उभ्यानेच उरकतो. दादा, आठ दिवस येऊन राहा. थंडी संपायची वाट बघू नका.