तिसऱ्या शिट्टीनंतर

आप्पा, आज रविवार आहे आणि मी इथे परदेशात, यिशुनला, आमच्या ब्लॉकसमोरच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या मोठ्या छपराखाली बसले आहे. इथे स्टुलं जमिनीत पक्की रोवलेली असतात. एखादी जागा धरून ठेवायची असेल तर टेबलावर त्या जागेपुढे टिश्यूचं पाकीट ठेवतात, मग तिथे कुणी बसत नाही. मी दर रविवारी समोरच्या जागेपुढे पाकीट ठेवते, कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेते, फोनवर आठवडाभरातल्या खेळांच्या बातम्या उघडते आणि मनातल्या मनात एका बाजूने भांडायला लागते. कोपी अर्धी झाली की उठून समोरच्या जागेवर जाते आणि दुसऱ्या बाजूने भांडते. थाळ्या उचलणारी एक म्हातारी चिनी बाई आहे, तिला मी आंटी म्हणते. ती दर आठवड्याला विचारते, "युअर फ्रेंड कमिंग ऑर नॉट?" मी दर आठवड्याला सांगते, "कमिंग, आंटी." दीड वर्ष झालं, तिला तुमची वाट बघायला लावते आहे.

तुम्ही असता तर ही पद्धत तुम्हाला लगेच ओळखू आली असती, कारण ती तुमचीच आहे. शनिवारी संध्याकाळी तुम्ही कॉलेजच्या जिमखान्यातून आठवड्याची जुनी वर्तमानपत्रं घरी आणायचात. मैदानावरच्या शिपायाला तेवढी मुभा होती. तुमच्या शर्टाला मैदान आखायच्या फक्कीचा वास असायचा, बोटांच्या पेरांत ती पांढरी रेघ कायमची बसलेली. रविवारी सकाळी आई कुकर लावते, तुम्ही ओट्याला पाठ टेकवून खाली बसता, मी समोर बसते आणि खेळाची पानं आपल्या मधे. तुम्ही सातवी शिकलेले, मी घरातली पहिली पदवीधर होणार म्हणून भिंतीवर वेळापत्रक चिकटवलेली. गोलंदाजाने चेंडू टाकायच्या आधीच पुढे सरकलेल्या फलंदाजाला बाद केलं, ते बरोबर की चूक? म्हाताऱ्या कप्तानाला संघातून काढलं, तर त्याला आधी सांगायला नको होतं का? विद्यापीठाच्या संघात आपल्या तालुक्याची एकही मुलगी का नाही? मी एक बाजू घ्यायची, तुम्ही दुसरी, आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली की दोघांनी बाजू बदलायची. "बाजू बदल, तायडे," तुम्ही म्हणायचात. एरवी तुम्ही मला नावाने हाक मारायचात, तायडे फक्त तेव्हा. मी कुरकुर करायचे की आत्तापर्यंत जे बोलले ते खोडायचं कसं. तेव्हा तुम्ही सांगितलं होतंत की खो-खोत जो पाटीवर बसतो त्यालाच पुढच्या डावात पळावं लागतं, नुसतं बसून मॅच जिंकलेलं कुणी पाहिलेलं नाही. आई निकाल द्यायची नाही. ज्याचा आवाज जास्त चढला असेल त्याला ती खोबरं किसायला बसवायची. बहुतेक वेळा मीच किसायचे.

परवा शुक्रवारी ऑफिसमधले आम्ही चौघं दुपारी जेवायला सेरंगूनला गेलो होतो. इथे लोक खेळावर खूप बोलतात, पण सगळे आपापल्या संघाच्या बाजूनेच. माझ्याशेजारी बसणारा इथलाच एक जण अमेरिकेत शिकून आलेला आहे. तिकडच्या कॉलेजांच्या स्पर्धा तो रात्रंदिवस बघतो आणि आम्हाला ऐकवतो. आधी इंग्लंडमधल्या कुठल्याशा फुटबॉल प्रशिक्षकाला काढल्यावर वाद झाला. मग त्याने कॉलेजची बातमी काढली. एका कॉलेजचे सगळे विजय रद्द झाले होते, कारण त्यांची एक खेळाडू पुरेशा विषयांना नाव न नोंदवताच खेळत होती. मला विचारलं तेव्हा मी एका दमात सांगून टाकलं की नियम म्हणजे नियम, जी पूर्णवेळ विद्यार्थिनीच नाही तिने दुसऱ्या विद्यार्थिनीची जागा खाल्ली, यात बोलण्यासारखं काही नाही. तो हातातला चमचा खाली ठेवून हसला. "वा, सो स्ट्रिक्ट लाह," तो म्हणाला. "बट यू एव्हर आस्क द प्लेयर ऑर नॉट?" बाकीचे पुढच्या बातमीकडे वळले. मला ताटातला भात संपवता आला नाही.

कारण आप्पा, अशी एक मुलगी तुमच्या मैदानावर होती. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. एका रविवारी तुम्ही वर्तमानपत्रं उघडलीच नाहीत. म्हणालात, या आठवड्याची सगळ्यात मोठी बातमी पेपरात नाही, आणि ती या ओट्यापुढून बाहेर जायची नाही. मग सांगितलंत. आपल्या कॉलेजच्या खो-खो संघातली सगळ्यात चपळ मुलगी कॉलेजात नाहीच. वर्षापूर्वी तिची आई आजारी पडली, हिने परीक्षा दिली नाही, नाव कमी झालं. ती मंगल कार्यालयात पोळ्या लाटते. पण रोज सकाळी सहाला मैदानावर येते, म्हणून खेळाच्या सरांनी तिला तिच्या चुलत बहिणीच्या ओळखपत्रावर संघात घेतली आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आपण जिंकलो ती तिच्या जिवावर. राज्यापर्यंत पोचली तर पोलीस भरतीत खेळाडू म्हणून तिला जागा मिळू शकते. "आता बोल," तुम्ही म्हणालात. मी बोलले. तेव्हा माझ्याकडे खूप मोठे शब्द होते. फसवणूक, गुणवत्ता, बाकावर बसून राहिलेल्या खऱ्या विद्यार्थिनीवर अन्याय. तुम्ही तिची बाजू मांडत होतात, हळू आवाजात, मधेमधे थांबून. तिसरी शिट्टी झाली. "बाजू बदल, तायडे." मी म्हटलं, याला दुसरी बाजूच नाही. आईने गॅस बंद केला आणि त्या दिवशी कुणालाच खोबरं किसायला लावलं नाही.

त्याच आठवड्यात मी विद्यापीठाला पत्र लिहिलं. माझं नाव, वर्ग, सही, सगळं घालून; निनावी लिहिणं मला भ्याडपणाचं वाटलं. कॉलेजच्या कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं तेव्हा मान ताठ होती. पुढे काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. संघाचा विजय काढून घेतला, त्या मुलीवर आणि तिच्या बहिणीवर बंदी आली. खेळाच्या सरांनी लिहून दिलं की ओळखपत्रं गोळा करायचं काम मैदानावरच्या शिपायाचं होतं. माझी सही असलेलं पत्र म्हणजे गुपित तुम्हीच फोडलं हे सगळ्यांना कळलंच होतं, त्यामुळे तुमच्या बाजूने कुणी उभं राहिलं नाही. तुमची बदली होस्टेलच्या गेटवर झाली. मैदान गेटमधून दिसायचं. फक्की दुसरा कुणीतरी मारायचा, वाकडी, आणि तुम्ही खुर्चीतून बघत बसायचात. मला एक शब्द बोलला नाहीत. एकदाच, मी माफी मागायला सुरुवात केली तेव्हा, म्हणालात, "पत्र लिहिलंस त्याचं नाही. बाजू न बदलता लिहिलंस." त्यानंतर रविवारी कुकर लागायचा, शिट्ट्या व्हायच्या, पण आपण पानं वाटून घेऊन मुकाट्याने वाचायचो. गेटवर गेल्यावर जिमखान्यातली पानं बंद झाली होती, तुम्ही फक्त रविवारचा पेपर विकत आणायचात. मग मी पुण्याला गेले, आणि तिथे असतानाच एके दुपारी आईचा फोन आला. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली.

इथे कुणी मला बाजू बदलायला सांगत नाही. खोलीत मी एकटी, शेजारच्या खोलीतल्या मुलीशी फ्रीजच्या कप्प्यावरून तेवढं बोलणं होतं. म्हणून हा टिश्यूच्या पाकिटाचा खेळ. पण दीड वर्षात मी क्रिकेटवर बाजू बदलली, टेनिसवर बदलली, जिथे मनाला काही लागत नाही तिथे सगळीकडे बदलली. ती एक बातमी मी कधी या टेबलावर आणली नाही. आज आणली. पहिला डाव मला पाठ होता, तो लवकर संपला. मग पाकीट माझ्या जागेपुढे सरकवून, कोपी घेऊन मी समोरच्या जागेवर गेले.

तिची बाजू अशी आहे, आप्पा, तुम्ही त्या दिवशी मांडली होतीत तीच. तिला शिकायचं होतं. परीक्षा न देणं तिने ठरवलं नव्हतं, घरात दुसरं कुणी नव्हतं. ती रात्री लग्नाच्या पोळ्या लाटून पहाटे मैदानावर यायची आणि कुणी न सांगता तुमच्याबरोबर फक्कीचं पोतं ओढायची. पुढच्या जूनला परत नाव घालीन असं तिने सरांना सांगितलं होतं. खोटं ओळखपत्र तिने मागितलं नव्हतं, तिला दिलं गेलं. आणि ज्याने दिलं तो अजून त्याच खुर्चीत आहे. मी सरांचं नाव पत्रात लिहिलं नव्हतं. मोठ्या माणसावर पुराव्याशिवाय आरोप करू नयेत असं मला वाटलं होतं. तिच्यावर मात्र केले, आणि तिला एकदाही विचारलं नाही. नियम चुकला होता हे मी आजही म्हणेन. पण मी आधी मैदानावर जाऊन तिच्याशी बोलले असते, तर पत्र वेगळं झालं असतं. त्यात पहिलं नाव सरांचं असतं आणि शेवटी एक विनंती असती की हिला पुढच्या वर्षी प्रवेश घेऊ द्या. आई सांगते, ती आता शेजारच्या गावात शाळेतल्या मुलींना संध्याकाळी खो-खो शिकवते. आईकडे तिचा नंबर आहे. मी अजून मागितलेला नाही.

आणि एक गोष्ट, जी या जागेवर बसल्याशिवाय मला लिहिता आली नसती. त्या रविवारनंतर मंगळवारी तुमचा डबा घरी राहिला होता, म्हणून मी तो घेऊन सकाळीच मैदानावर आले. तुम्ही आणि ती मुलगी नवीन आखलेल्या पाटीजवळ होतात. ती धावून दमून खाली बसली होती आणि तुम्ही तिच्यासमोर हात पुढे करून म्हणालात, "ऊठ तायडे, डाव बदलला." ती हसून उठली. मी डबा जिमखान्याच्या पायरीवर ठेवला आणि हाक न मारता निघाले. विद्यापीठाला पत्र मी त्याच दुपारी लिहिलं. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. पण ते मी न्यायासाठी लिहिलं असं जे मी तुम्हाला, आईला आणि इतकी वर्षं स्वतःलाही सांगत आले, ते पूर्ण खरं नव्हतं.

एक पत्र मी फार घाईने पेटीत टाकलं होतं. हे पेटीत जाणार नाही, घडी करून बॅगेत राहील. आत्ताच आंटी फडकं घेऊन आली होती. टेबल पुसता पुसता तिने नेहमीचं विचारलं. मी म्हटलं, "नॉट कमिंग, आंटी." ती माझा रिकामा कप उचलून घेऊन गेली. टिश्यूचं पाकीट मी उचललं आहे. पलीकडे एक म्हातारा ट्रे धरून कधीचा जागा शोधत उभा होता, तो आता समोर येऊन बसला आहे.