न व्यालेलीचा पान्हा

रविवार, ११ जानेवारी १९९८

शेवटी आले! पहाटेच जयसिंगपूर स्टेशनवर विश्वजित स्वतः जीप घेऊन हजर होता. हा माझा भाचा, माझ्या भावाचा मुलगा, जनावरांचा डॉक्टर. शिरोळच्या उसात त्याने डुकरांचा फार्म काढला म्हणून आमच्या सगळ्या नातलगांनी नाकाला पदर लावला. मी मुद्दाम राहायला आले. कॉन्व्हेंटात शिकलेली, जन्मभर मुलींना इंग्रजी शिकवलेली बाई वासाला भीत नाही.

त्याचा प्रयोग मला फार आवडला. डुकरीण मेली की तिची पिल्लं उपाशी मरतात. म्हणून तो कधीच न व्यालेल्या माद्यांना हार्मोनच्या सुया देतो. गाभ नाही, वेणा नाही, तरी पान्हा फुटतो आणि पोरकी पिल्लं जगतात.

इथली एक गंमत. जनावरांच्या सुया आटोपल्या की गडीमाणसं बाह्या सरकवून रांग लावतात, ताकदीची सुई मारा म्हणतात. शेड झाडणारी सरुबाई माझ्याच वयाची, पोरबाळ न झालेली. ती मला म्हणाली, "डाक्टर जनावरांचा का असंना, सुई ती सुईच की!" बरोबर साडेदहाला मीही माझ्या गुडघ्यांसाठी दंड पुढे केला.

गुरुवार, १५ जानेवारी

रोज सुई घेते. गुडघे कुरकुरत नाहीत. काल संक्रांतीला एका कोवळ्या मादीला पान्हा फुटला. ती कुशीवर आडवी झाली, हुं-हुं-हुं असं लयीत बोलावू लागली आणि परकी पिल्लं धावत जाऊन लुचली. माझे डोळे भरून आले. नाकं मुरडणाऱ्यांनी हे येऊन पाहावं.

रविवार, २५ जानेवारी

ब्लाउज घट्ट होताहेत. इथलं खाणं मानवलं, असं विश्वजितचं म्हणणं. सरुबाई छातीवर पदर दुहेरी घेऊन वावरते. पदर ओला कशाने झाला, असं मी विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमचा तरी कुठं कोरडा हाय?"

मी खाली पाहिलं.

बुधवार, ४ फेब्रुवारी

साठी उलटलेली, बिनलग्नाची मी, आणि मला दूध येतं! जाब विचारला. विश्वजितने नाकारलंसुद्धा नाही. गड्यांना ताकदीचं औषध, आम्हा दोघींना माद्यांच्या बाटलीतलं. पिल्लं जास्त होती, माद्या पुरत नव्हत्या म्हणे. वर म्हणतो, "आत्ती, रिकामीच कूस तुझी. कुणाच्या उपयोगी आली तर बिघडलं कुठं?"

लाकडी पट्टी उचलून त्याच्या बोटांवर सपकन मारली. माझी कूस रिकामी असेल, पण ती माझी आहे. जीपची किल्ली मागितली. त्याने बोटं चोळत फाटकाला कुलूप घातलं.

सोमवार, ९ फेब्रुवारी

सुई बंद केली. पान्हा बंद होत नाही. छाती लुगड्याच्या पट्ट्यांनी आवळली आहे.

सरुबाई सकाळपासून शेडमध्ये, पेंढ्यावर, कुशीवर. हाक मारली. उत्तर आलं ते हुं-हुं-हुं. पिल्लं तिला — नाही, लिहितेच. लाजायचं काम माझं नाही. पिल्लं तिला लुचत होती. तिचे डोळे मिटलेले होते. तिला आता बोलता येत नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी

कुंपण ओलांडायला निघाले. पिल्लं मागे आली. छातीत अशी कळ उठली की गुडघे आपोआप वाकले — मी उठले. परत खोलीत. कडी लावली. आडवी झाले नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

कॉन्व्हेंटात नन्स डोक्यावर पुस्तक ठेवून उभं करायच्या. पाठ ताठ. पाठ ताठ —

खोलीत कुणीतरी हुं-हुं करतंय. कडी आतून आहे. खोलीत मी एकटीच —

तोंडात पदर कोंबला. तरी घशातून —

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

विश्वजित. ११ जानेवारी, सकाळी साडेदहा. त्या क्षणी तू माझ्या संमतीशिवाय माझ्या अंगात काय घातलंस, त्यावर उतारा काय, सरुबाईचं काय करणार, आणि फाटक केव्हा उघडणार? तोंडी नको. लेखी उत्तर. तुझ्या सहीचं. रविवारी, १५ तारखेला, दुपारी बारापर्यंत. नाही तर —

दाराखाली नाकं. इतकी गुलाबी —

मी घाबरलेले नाही. मी उभी आहे. टेबलाशी, ताठ उभी राहूनच लिहिते आहे. अक्षर तिरकं येतंय ते फक्त — फरशी गार आहे म्हणून —

कडी मी नाही काढली. हात —

लेखी, विश्वजित. बारापर्यंत. मी बाई आहे, मी — हुं