विझवलेला राब

६ मे, बुधवार. शेवगाव
पंपाच्या जळालेल्या मोटरी भरायचं दुकान चार-सहा दिवस बंद. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "बायकोला आनायला निघाला का?" म्हटलं, गाडीवर डोंगर बघायला चाललोय. हसला. हसू दे.

सुनंदा चार वर्षं अकोले तालुक्यात, धरणापलीकडच्या शाळेवर. यंदा तिला इकडं बदली मागता येते. मुदत महिनाअखेरपर्यंत. मागितली का, असं फोनवर विचारलं की नेमकी रेंज जाते. शाळेला सुट्टी लागली तरी घरी नाही. म्हणून समक्ष विचारायचं. बाकी काही नाही.

आईनं बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याचा भला मोठा कॅन बांधून दिला. म्हटलं, तिकडं धरण आहे. "आसंल धरन. प्यायला कोन देतं?"

७ मे. राजूर
पहाटे निघालो. नेवासा, श्रीरामपूर, संगमनेर. ऊस, पुन्हा ऊस, मधे मंगल कार्यालयं. ऊन असं की हँडलला हात लावून घेईना. संगमनेरात दोन ग्लास रस. अकोले सोडलं आणि रस्ता वळायला लागला. गाडी बरी चालते, चढाला जरा कुरकुरते. माझंही तेच.

आजच पोचलो असतो. राजूरला लॉजवर थांबलो, पेढे घ्यायचं निमित्त. खरं म्हणजे उत्तराची भीती वाटते.

८ मे
सकाळी उशिरा निघालो. उजव्या हाताला कळसूबाई. करवंदं खात, थांबत थांबत. घाई कसली.

गावाच्या अलीकडं उतारावरच्या एका वाफ्यातून धूर. माणूस कुणी नाही. आमच्याकडं उन्हाळ्यात शेतात धूर दिसला की गाडी लावायची आणि धावायचं, कुणाचं रान हे विचारायचं नाही. कडब्याची गंजी एकदा पेटली की संपलं. तसाच धावलो. पाला उपसला, बुटानं तुडवला, माती टाकली, आईचा कॅन सगळा ओतला. विझली. मिशा थोड्या जळाल्या. मनात म्हटलं, चला, पुण्य पदरात पडलं.

तेवढ्यात वरून हंडा घेऊन म्हातारी आली. हंडा खाली ठेवला आणि सुरू.
"आरं मेल्या, काय केलंस ह्ये? राब इझवला माझा!"
"आजी, आग लागल्ती."
"लागल्ती न्हाई, लावल्ती! शेन, पाला, गवत, महिनाभर येचून आनलंय म्या."

मग कळलं. भाताचं रोप टाकायचं तर आधी जमीन भाजून घेतात. त्याला राब म्हणतात. मी शहाण्यासारखा म्हातारीचं यंदाचं भात विझवून बसलो होतो.

"कुठला रं तू?"
"शेवगाव."
तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बाईंचा नवरा का?"

झालं. ही हौसाबाई. सुनंदा हिच्याच घरात भाड्यानं राहते. मी दारात पोचेपर्यंत बातमी पोचली होती. सुनंदा उंबऱ्यावर बसून हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आमच्या घरी ती असं हसलेली आठवत नाही. बरं वाटलं आणि वाईटही.

बदलीचं विचारलं नाही. जळक्या मिशांनी काय विचारणार.

९ मे
दिवसभर राब. शिक्षा म्हणजे शिक्षा. ओला झालेला पाला पसरून वाळत घातला, नवा रानातून आणला, शेणाच्या पाट्या वाहिल्या. मी पाटी दोन्ही हातांनी पोटाशी धरून. सुनंदा डोक्यावर, हात सोडून, वर हौसाबाईशी बोलत. शेवगावात तिनं कधी हंडासुद्धा डोक्यावर घेतला नाही.

येणारा-जाणारा थांबून बघतो. "ह्येच का इझवनारं पाव्हनं?" आता मरेपर्यंत हेच नाव.

सगळे तिला हाका मारतात. बाई, पोराला ताप हाय. बाई, जेवून जा. मला हेवा वाटला. साफ हेवा. मला शेवगावात हाका पडतात, पण मोटर जळाली की.

दुपार कलल्यावर वारा बघून हौसाबाईनं पुन्हा पेटवला. धूर जमिनीलगत, सावकाश. मला दहा हात लांब उभं केलं होतं.

१० मे
धरणाच्या कडेनं चक्कर मारायची ठरली. किल्ली लावणार, तर सुनंदा म्हणाली, "सरका मागं. मी चालवते." ही गाडी चालवते? दुपारनंतर जीप मिळत नाही, म्हणून शिकली म्हणे. मला आज कळलं.

लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या मागं बसलो. हात कुठं ठेवावेत कळेना. शेवटी कॅरिअर धरलं. वळणं नीट घेते, गिअर वेळेवर टाकते. पाणी खूप खाली गेलेलं, तरी डोळ्यांत मावत नव्हतं.

तोंड दिसत नव्हतं म्हणून जमलं. तिच्या पाठीला विचारलं, "बदली मागितली?"
"नाही."
वळण आलं. ते घेऊन झाल्यावर म्हणाली, "मागेन की नाही, माहीत नाही. मला इथं करमतं. तुमच्यावर राग नाही, आईंवर तर नाहीच."
"मग मी काय करू?"
"चार वर्षांत पावसाळ्यात एकदाही आला नाहीत. आवणीला या, भात लावायला. मग बोलू."
"मुदत महिनाअखेर आहे."
"ती बदलीची."

राग आला होता. उतारावर गाडी डगमगली, तेव्हा कॅरिअर सोडून तिचा खांदा धरला. तो तसाच धरून ठेवला.

११ मे
निघालो. हौसाबाईनं तांदळाची पिशवी गाडीला बांधली. "राब इझवला हायेस. आता आवनीला यायला लागंल. दुसरा मानूस न्हाई लावनार मी." सुनंदानं पेढ्यांचा पुडा अर्धा परत दिला, आईंना द्या म्हणून.

घाट उतरताना गार वारा, संगमनेरला पुन्हा भट्टी. नेवाशाच्या पुढं रस्ता सरळ. कंटाळा आला सरळ रस्त्याचा. हे नवीनच.

१२ मे. शेवगाव
रात्री आई झोपली होती. सकाळी चहाबरोबर विचारलंच. "मागितली का बदली?"
"न्हाई."
आईनं बशी खाली ठेवली. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर मला बोलेल. "मंग?"
"आवणीला बोलावलंय."
"आवनी म्हंजी?"
गुडघाभर पाण्यात उभं राहून भाताचं रोप कसं लावतात, ते हातवारे करून सांगितलं. मी तरी कुठं बघितलंय. वर पाऊस, खाली चिखल, असं सगळं.

"गुडघाभर?" आई म्हणाली. "रानात?"
"व्हय."

तिनं पेढा खाल्ला. अंगणातल्या रिकाम्या पिंपाकडं बघत बसली. टँकर आज येणार होता. मग म्हणाली, "मला कोन नेईल?"

शटर उघडलं. तीन मोटरी येऊन पडल्यात. गाडीचा मागचा टायर गुळगुळीत झालाय, पावसाच्या आधी बदलायला हवा.