सासूबाई, पाद्रीबाई आणि नवख्याचा बूट

मेपल फोर्ड, विस्कॉन्सिन
ऑक्टोबरातला एक शनिवार

तीर्थस्वरूप ऑरिनदादास,

धाकट्या लाईलचा नमस्कार. कॉरिनवहिनींनाही नमस्कार, आणि तुझ्या नव्या गुडघ्याला वेगळा. गुडघा आता छान वाकतो असं वहिनी फोनवर म्हणाल्या. डॉक्टरांची कमालच म्हणायची, कारण तुझ्यातलं काहीही वाकलेलं आम्ही लहानपणापासून पाहिलेलं नाही. तुमच्या मागच्या तळ्यात मगर आली होती ती गेली की स्थायिक झाली, तेही कळव. इकडे सगळे खुशाल. परवा पहिलं दव गोठलं, मार्सीची टोमॅटोची रोपं गेली, आणि तेव्हापासून मी तिन्ही त्रिकाळ हिरव्या टोमॅटोचं लोणचं खातो आहे. (मागितलं नव्हतं.)

तू विचारलंस की यंदा लीगमधल्या नवख्याच्या बक्षिसाचं नेमकं काय झालं. डुएन फोनवर नुसता हसतो आणि मार्सी विषय बदलते. तर सांगतो, पण आधी एक सांगून ठेवतो की या सगळ्याचं मूळ तू आहेस. तू फ्लोरिडाला गेलास म्हणून जागा रिकामी झाली. (वहिनी हे पत्र तुझ्या खांद्यावरून वाचणारच, म्हणून त्यांच्यासाठी: आम्ही मंडळी दर मार्चमध्ये डुएनच्या बारच्या मागच्या खोलीत बसून खरे बेसबॉल खेळाडू आपसांत वाटून घेतो, मागच्या वर्षीचा एखादा राखून. ते बिचारे तिकडे मोठ्या मैदानांवर खेळतात आणि त्यांचा खेळ आमच्या नावावर मांडला जातो. त्यांना आमचा पत्ताही नसतो, तरी त्यांच्यातला एखादा लंगडला की इथे कुणाला तरी जेवण जात नाही. दादा इतकी वर्षं चर्चच्या छपराच्या कमिटीला जायचा, ती कमिटी हीच.) तुझ्यामागोमाग वेन्डेलही मुलाकडे राहायला गेला. म्हणजे जागा दोन झाल्या, आणि कित्येक वर्षांनी लीगमध्ये नवखे येणार म्हणून डुएनने तो जुना बूट खाली काढला. डुएनच्याच पायातला, तो दीड वर्षाचा असतानाचा, सोनेरी रंग मारलेला. पहिल्याच वर्षी सर्वांत चांगली टीम चालवेल त्या नवख्याला तो मिळतो, हे तुला सांगायला नको. तुला मिळाला तेव्हा तू तो टीव्हीवर ठेवून आम्हाला तासभर भाषण दिलं होतंस.

एक जागा पास्टर थियांनी मागितली. आपल्या चर्चच्या नव्या पाद्रीबाई. आवाज इतका गोड की कॉफीत साखर नको. मंडळी म्हणाली, छान झालं, बारमध्ये जरा शिव्या कमी होतील. दुसरी जागा मी माझ्या सासूबाईंना दिली. मी दिली म्हणजे मार्सीने दिली. सासरे गेल्यापासून ॲडलीन आमच्याकडे राहते हे तुला ठाऊक आहेच. ती कशी राहत होती ते मात्र मी तुला कधी लिहिलं नाही. खिडकीशी बसायची, अर्धा टोस्ट खायची, आणि काहीही विचारलं तरी "माझं काय, बाबा" एवढंच. सासऱ्यांचं 'स्टॅनली' हे नावसुद्धा घेत नव्हती. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. शेवटी मार्सी म्हणाली की ती दोघं जन्मभर संध्याकाळी रेडिओवर बेसबॉल ऐकायची, तेव्हा तिला तुमच्या त्या खोलीत घेऊन जा. मी म्हटलं, तिथे पुरुष माणसं असतात. मार्सी म्हणाली, "मी त्यांना पाहिलंय. काही घाबरण्यासारखं नाही."

मार्चमध्ये ॲडलीन चर्चला जायचा कोट घालून, पर्स मांडीवर धरून बसली. पहिल्याच फेरीत तिने छत्तिशीचा, टक्कल पडलेला एक कॅचर (वहिनी, मागे उकिडवा बसून चेंडू झेलतो तो) उचलला. सगळे हसले. दुसऱ्या फेरीत त्याहून म्हातारा. डुएनने प्रेमाने सुचवलं की आजीबाई, जरा तरुण रक्त घ्या. ती म्हणाली, "तरुण रक्त मे महिन्यात दवाखान्यात असतं." (दादा, मे महिन्यात डुएनचे तीन पोरगे एकाच आठवड्यात जायबंदी झाले. तो अजून तिच्याकडे संशयाने बघतो.)

पाद्रीबाईंचं प्रकरण निराळं. जूनमध्ये मी चर्चच्या नळाचा वॉशर बदलायला गेलो होतो. त्यांनी माझी चौकशी केली, तुझ्या गुडघ्याची केली, मला बसवलं, माझ्यासाठी दोन मिनिटं प्रार्थना केली. मलाही भरून आलं. डोळे पुसून उठलो तेव्हा माझा होल्ब्रुक, चेंडू टाकणारा माझा एकमेव धड पिचर, त्यांच्या टीममध्ये गेलेला होता आणि मला बदल्यात मिळालेल्या खेळाडूचा खांदा निखळलेला होता. हे मला घरी आल्यावर ॲडलीनने सांगितलं. तिने मला अर्धा तास फैलावर घेतलं, आणि मग मी खचलेलो असतानाच माझा डाव्या बाजूचा फिल्डर काढून घेतला. दोघी मिळून मला असं सोलत गेल्या की ऑगस्टपर्यंत मी तळाला पोचलो, आणि माझ्याखाली कुणी नसल्याने तिथेच राहिलो.

पण घरात काय झालं ते सांगतो. ॲडलीन सकाळी माझ्या आधी उठायला लागली. अर्ध्या टोस्टच्या जागी दोन अंडी आणि सॉसेज. दुपारी पाद्रीबाईंना फोन, आणि त्या फोनवर कॅथलिक बाई लूथरन पाद्रीणीला जे बोलायची ते ऐकून मी बागेत जाऊन उभा राहायचो. दोघी एकदा दुकानाच्या पार्किंगमध्ये एका शॉर्टस्टॉप खेळाडूवरून इतक्या भांडल्या की आइस्क्रीम वितळलं. दुसऱ्या दिवशी पाद्रीबाई नवं आइस्क्रीम घेऊन घरी आल्या, आणि पुन्हा त्याच शॉर्टस्टॉपवर आल्या.

हंगाम संपला. पाद्रीबाई तिसऱ्या, ॲडलीन पाचवी. बुटासाठी जुन्या सभासदांनी मतं दिली ती बरोबर निम्मी-निम्मी. निम्म्यांनी ॲडलीनला, कारण ती दर बैठकीला खसखशीचा रोल आणायची. उरलेल्यांनी पाद्रीबाईंना, कारण शेवटी आपल्याला मातीआड कोण करणार याचाही विचार माणसाला या वयात करावा लागतो. आणि मतं सारखी पडली तर निर्णय अध्यक्षाचा, हा नियम तुझा. अध्यक्ष मी.

त्या आठवड्यात मार्सी मला काहीही बोलली नाही. (तू नवरा आहेस, तुला याचा अर्थ कळतो.) रविवारी पाद्रीबाईंचं प्रवचन एका बाळासाठी भांडणाऱ्या दोन बायांचा निवाडा करणाऱ्या राजा शलमोनाच्या न्यायबुद्धीवर होतं, आणि चर्चच्या वार्षिक जेवणात मला मीटबॉलच्या टेबलावरून काढून त्या उग्र वासाच्या माशाच्या पातेल्यावर नेमलं होतं. ॲडलीन मात्र बुटाबद्दल अवाक्षर काढत नव्हती. फक्त तिने सासऱ्यांच्या फोटोशेजारची फुलदाणी हलवून तिथे थोडी जागा केली होती. ती रिकामी जागा मी रोज येता-जाता पाहत होतो. त्या जागेने मला जितकं छळलं तितकं माशानेही नाही.

शुक्रवारी डुएनकडे तळलेल्या माशांचं जेवण झालं आणि मला उभं केलं. मी आधी बक्षीस दोघींत वाटून देण्याचा प्रस्ताव मांडला. डुएन म्हणाला, बूट एकच आहे, कापायचा कसा? मग मी इकडेतिकडे पाहिलं. मार्सी ताटाकडे बघत होती. दादा, तिसरा नंबर पाचव्याच्या वर असतो, याला माझा इलाज नाही. मी म्हटलं, पास्टर थिया.

मार्सीने काटा खाली ठेवला. ॲडलीनने पर्स मिटली आणि म्हणाली, "बरोबर केलंस. घरची म्हणून मला दिला असतास तर मी तो बूट तुझ्या डोक्यात घातला असता, जावईबापू."

मी बसणार एवढ्यात पाद्रीबाई बूट हातात घेऊन उठल्या. मला वाटलं आभाराचे चार शब्द बोलतील. त्या सरळ ॲडलीनकडे वळल्या. "बूट तुला. तुझा कॅचर मला."

"टकल्या? बुटासाठी?"

"आणि पुढच्या वर्षीची माझी पहिली निवड तुझी."

घासाघीस जेवणानंतरचा ॲपल पाय येईपर्यंत चालली. शेवटी टकल्या गेला, बूट आला. पुरस्काराची अशी अदलाबदल नियमात बसते का, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मी जन्मात पहिल्यांदा काहीही विचार न करता निकाल दिला: बसते. ॲडलीनने बूट उलटा करून तळ पाहिला, अंगठ्याने धूळ पुसली, आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, "स्टॅनली हसून हसून मेला असता." मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं आणि तीच हसायला लागली. मार्सी बाहेर जाऊन आली. मी ॲपल पाय खात राहिलो, चव कळली नाही.

असो. गुडघ्याला जप. मगरीला जास्त माया लावू नकोस.

तुझा,
लाईल

ता. क. — मार्चमध्ये तुमची पाहुण्यांची खोली रिकामी असेल असं गृहीत धरलं आहे. निम्म्या टीम सरावाला तुमच्याच भागात येतात, आणि ॲडलीनला खेळाडूंचे गुडघे स्वतःच्या डोळ्यांनी तपासायचे आहेत. विमानाचं तिकीट काढलं आहे. तिला जरा विश्रांती मिळेल, आणि खरं सांगायचं तर मलाही.

ता. क. २ — पाद्रीबाईही येत आहेत. पलंग दोन लागतील, आणि एकमेकींपासून लांब. त्यांच्यापैकी कुणीही तुझ्यासाठी प्रार्थना करू म्हणाली तर डोळे उघडे ठेव.

ता. क. ३ — वर विश्रांतीचं लिहिलं ते मार्सीने वाचलं आणि ती हसत सुटली, कारण मीही तिकीट काढायला निघालो होतो आणि ॲडलीनने मला "तू तळाचा, तुझं तिथे काय काम" म्हणून घरी बसवलं. तेव्हा एवढंच कर, दादा: एप्रिल लागायच्या आत तिला परत पाठव. हवा मानवली वगैरे म्हणाली तरी ऐकू नकोस. न्याहारीला समोर बसून मला मूर्ख म्हणणारं दुसरं कुणी इथे नाही. मार्सी म्हणते, पण तिला तितकं जमत नाही.