दोन रिंगा

१८ जून २००४, शुक्रवार

वाजला एकदाचा! दोन रिंगा, मग बंद. म्हणजे ऊर्मी उतरली — स्लोव्हेनियातल्या कुठल्याशा शेतात, हातपाय धड. नियम तिचाच. "दोन रिंगा म्हणजे उतरले. उचलायचं नाही! तिसरी वाजली तरच उचला." परदेशातून रोज कुठे बोलत बसणार, म्हणून ही मिस्ड कॉलची टूम.

पोरगी इथे पेरुंगुडीतल्या कंपनीत कॉम्प्युटरपुढे बसते आणि रजा टाकून युरोपभर डोंगरांवरून उड्या मारते. उडी म्हटलं की चिडते. "बाबा, पॅराग्लायडिंग! त्याच्या स्पर्धा असतात!" बरं बाई. तिची आई विद्युलता तर सरळ छत्रीच म्हणते. मी रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात जन्म काढला. दाराचं माप दोन मिलिमीटर चुकलं तर डबा परत पाठवायचो. आणि ही माझी लेक वाऱ्याच्या भरवशावर!

रिंग येईपर्यंत मी फोनशेजारची खुर्ची सोडत नाही. विद्युलता हसते. रिंग आली की देवाला हात जोडते, मग पानं घेते.

२२ जून

रिंग नाही. आठ, साडेआठ, नऊ. विद्युलतेचा हात छातीवर — बायपासला अजून वर्ष झालं नाही. मी उगाच तिच्यावरच ओरडलो. मग वाजला, आणि तिसरी रिंग! वेंकट होता, ऊर्मीबरोबर उडणारा अड्यारचा मुलगा. "अंकल, इकडे रेन. आज फ्लाइंग कॅन्सल." पाऊस, म्हणून उडणं नाही, म्हणून रिंग नाही. एवढंच!

विद्युलता म्हणाली, "पाऊस तिकडे, नि घाम इकडे आपल्याला."

२६ जून

ऊर्मी आणि वेंकट इटलीला निघाले. तिथली स्पर्धा चार जुलैपर्यंत, मग आठवडाभर सुट्टी, मग स्पेन. विद्युलतेला सगळं तोंडपाठ. माझ्या कुठलं लक्षात राहायला!

३० जून

रिंग नाही. पाऊस असणार. आता शहाणे झालोय — वेळेवर जेवून मोकळे. कोबीची भाजी छान झाली होती.

१ जुलै, गुरुवार

पाऊस नव्हता.

सकाळी तिसरी रिंग वाजली. विद्युलता गच्चीवर सांडगे घालत होती. वेंकट रडत होता, मला आधी काही कळेचना. डोंगराजवळ वाऱ्यानं तिची छत्री एका बाजूनं मिटली. जादाची छत्री असते, ती उघडायला उंचीच उरली नाही. पाठीवर पडली. मणका. ऑपरेशन झालंय, जीव वाचलाय. पायांचं काय, विचारलं. "अंकल, लेग्जमध्ये फीलिंगच नाही."

ऑपरेशनला आत नेताना ऊर्मी म्हणाली म्हणे — आईला सांगू नका. आईचं हृदय.

विद्युलता खाली आली. "कोण होतं?"

"राँग नंबर."

संध्याकाळी भाजी आणतो म्हणून निघालो. कोपऱ्यावरच्या कनकाच्या एसटीडी बूथवरून वेंकटला लावला. डॉक्टर म्हणतात, चालणं नाही. पुढेही नाही. मग घरचा नंबर फिरवला. दोन रिंगा झाल्या, ठेवून दिला.

घरी आलो तर विद्युलता म्हणाली, "आली हो रिंग. उतरली." पानं घेतली.

३ जुलै

रोज तेच. कनका तमिळमध्ये विचारते, "सार, पोण्णु नल्ला इरुक्का?" पोरगी बरी आहे ना? मी मान हलवतो. खोटं बोलायला आता तोंडही लागत नाही.

आज वेंकटनं ऊर्मीच्या कानाला फोन लावला. "बाबा, आईला रिंग दिली?"

"दिली."

"थँक्यू." मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण बूथबाहेर रांग होती.

आम्हा दोघांकडे पासपोर्ट नाही. कधी लागलाच नाही! तिची कंपनी तिला विमानानं आणणार आहे. त्याआधी विद्युलतेला सांगायलाच हवं. तिच्या डॉक्टरांना विचारलं, तर म्हणे, "धक्का बसता कामा नये." वा! मग सांगू कसं?

५ जुलै

रिंग दिली. जेवताना विद्युलता म्हणाली, "हल्ली तुम्ही फोनपाशी बसत नाही." म्हटलं, घरात उकडतं. "हं," म्हणाली, आणि भात वाढला.

६ जुलै

नंबर चुकला. पुन्हा फिरवला. उद्या सांगतो. नक्की!

७ जुलै, बुधवार

नाही सांगितलं. बूथवर गेलो, नंबर फिरवला. पहिल्याच रिंगला उचलला!

"अहो," विद्युलता म्हणाली. हॅलो नाही, काही नाही. "स्पर्धा रविवारीच संपली. ही रोजची रिंग कसली? तुम्ही बाहेर पडलात की वाजते, एवढं कळतं मला. दुपारी कनकाकडे गेले होते, तुम्ही रोज लावता तो नंबर तिनं लावून दिला. ऊर्मीशी बोलले मी. सगळं." श्वास लागला होता तिला. "या आता घरी. तुमची मोजपट्टी काढून ठेवलीय. बाथरूमचं दार मोजा — तिची चाकांची खुर्ची जायची नाही त्यातून."