नात्याचा रकाना

बाई, आज वर्गात पुन्हा कुटुंबाचा धडा काढला. सत्तावीस वर्षं दर जूनमध्ये हेच चाललंय: कुटुंब हा समाजाचा मूलभूत घटक, मग व्याख्या, मग रक्ताचं नातं, विवाह, दत्तक. फळ्यावर हात आपोआप चालतो आणि डोकं घरी गॅस बंद केला होता की नाही ते आठवत बसतं. आज पहिल्या बाकावरच्या एका मुलीने तमिळमध्ये विचारलं, की तिची आई ती लहान असतानाच गेली, शेजारच्या आक्कांनी तिला वाढवलं, अजूनही ती त्यांच्याकडेच जेवते, तर आक्का तिच्या कुटुंबात धरायच्या का. मी घड्याळ पाहिलं आणि म्हटलं, पुस्तकात आहे तेवढं लिही, मार्क जाणार नाहीत. 'ओके मॅम' म्हणून ती खाली बसली. पुढे वाद घातला असता तर बरं झालं असतं. तिचं ते मुकाट्याने बसणं घरी येईपर्यंत सलत राहिलं.

तुम्ही असतात तर तिला आधी विचारलं असतंत, आज काय जेवलीस? तुमची रीतच ती. अंबत्तूरच्या कारखानवस्तीत पाहणीसाठी आम्हा विद्यार्थ्यांना घेऊन गेला होतात तो दिवस मला आठवतो. कारखान्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची ओळ, एका खोलीत सहा कामगार, सहा गावांचे, एकाचं दुसऱ्याशी नातं नाही. मी शहाण्यासारखे सहा फॉर्म भरले, सहा स्वतंत्र माणसं, कुटुंब नाही. तुम्ही ते उन्हातच वाचलेत आणि मला सगळ्यांदेखत परत पाठवलंत. "नात्याचा रकाना नंतर भर," म्हणालात. "आधी विचार, कोणाला यायला उशीर झाला तर ताट कोण झाकून ठेवतं." मी चिडून आत गेले आणि विचारलं. ते सहाजण हसले, त्यातल्या एकाने फळीकडे बोट दाखवलं. तिथे दुसऱ्या पाळीला गेलेल्या सातव्याचं ताट झाकलेलं होतं. मला त्या सातव्याचा पत्ताच नव्हता. परतीच्या गाडीत तुम्ही मला शेंगदाण्यांची पुडी दिलीत, पण चूक माफ केल्याचं काही बोलला नाहीत.

तुम्ही साताऱ्याकडच्या, आम्ही तंजावरकडून आलेले, कैक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेल्या मराठी घरातले. माझं मराठी ऐकून तुम्हाला हसू आवरत नसे. हे जुन्या इनामपत्रातलं मराठी तू कुठून उचललंस, असं विचारायचात. आमच्या घरी मात्र तुमचंच मराठी पुस्तकी वाटायचं. मैलापूरला तुमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आम्ही राहायचो. तुम्ही एकट्या, आणि शेवटच्या वर्षी आजारपणाने तुम्हाला ओट्याशी उभं राहवेना, तेव्हा आईने परस्परच ठरवून टाकलं. "त्यांना इथें कोण आहेत? आपणच," म्हणाली आणि तीन पुडांचा जेवणाचा कॅरिअर भरून माझ्या हातात दिला. त्यानंतर नऊ महिने रोज कॉलेजला जाण्याआधी मी तुमच्या दारात. खाली भात, मध्ये सांबार, वर दह्यात कालवलेल्या उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी, आणि संध्याकाळी आईचा ठरलेला प्रश्न, असकं, म्हणजे सगळं, खाल्लं का? तुम्ही कॅरिअर कधी रिकामा परत दिला नाहीत. रिकामा डबा परत करायचा नाही, असं तुमच्या आईने शिकवलं होतं म्हणे. कधी लिंबू, कधी गुळाचा खडा, कधी कुंडीतली चार कढीपत्त्याची पानं. मी त्या वेळी नुकतीच नोकरीला लागले होते, रोज तुमचीच टिपणं घेऊन वर्गात उभी राहत होते, आणि तुम्ही भात चिवडत मला चुका सांगायचात.

मग ते हॉस्पिटल. दुपारची वेळ, काचेचं दार, बाहेर लोखंडी बाक. तुम्हाला आत नेऊन दोन दिवस झाले आहेत. तुमचा भाचा नाशिकहून निघाला आहे, त्याला अजून एक दिवस लागणार. दारावरची नर्स हातात कागद घेऊन येते आणि मला विचारते, नींग यारु, तुम्ही कोण? आत फक्त घरच्यांनाच सोडतात, एकालाच, आणि कागदावर नातं लिहून सही करावी लागते. ती वाईट बाई नव्हती. माझ्या मांडीवरच्या कॅरिअरकडे पाहून तिनेच शब्द पुरवला, मुलगी का? मान हलवली असती तरी भागलं असतं, कोणी पुरावा मागितला नसता. मी म्हटलं, नाही, विद्यार्थिनी. तिने थोडी वाट पाहिली, मग रकाना कोराच ठेवून दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात, तेव्हा आत तुमचं कोणी नव्हतं. भाचा आला, सगळं नीट पार पाडलं त्याने, आणि जाताना तुमच्या घरात राहिलेला आमचा दुसरा कॅरिअर घासूनपुसून आणून दिला. रिकामा होता. आईने झाकण उघडून पाहिलं आणि फळीवर ठेवला.

ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे, आणि सांगताना दर वेळी दोष व्याख्येला दिला आहे. समाजशास्त्राची बाई, दारात उभी राहून रक्त, विवाह, दत्तक मोजत बसली, खोटं कसं बोलणार! स्टाफरूममध्ये लोक हळहळतात, कोणी म्हणतं, फारच प्रामाणिक हो तुम्ही. मीही तेच धरून बसले आहे, सव्वीस वर्षं. आता मलाही गुडघ्यांनी जिना चढवत नाही, आई गेली, घरात मी एकटीच. मेसवाला डबा दारात ठेवतो आणि आदल्या दिवशीचा रिकामा घेऊन जातो. दमणं म्हणजे काय ते आता चांगलं कळतं, म्हणून खरं ते तुम्हाला तरी सांगते. तेव्हाही मी दमले होते. मुलगी म्हटलं असतं तर पुढच्या सगळ्या कागदांवर मीच, रात्रंदिवस मीच, आणि तुम्ही बऱ्या झाला असतात तर पुन्हा तो कॅरिअर, पुन्हा त्या दोन गल्ल्या. नर्सने विचारलं तेव्हा व्याख्या मला आठवलीसुद्धा नव्हती, ती घरी गेल्यावर सुचली.

उद्या त्या मुलीला बोलावून तिच्या आक्कांबद्दल विचारायचं म्हणते आहे, ताट कोण झाकून ठेवतं ते. विचारीन की नाही, ठाऊक नाही. हे पत्र तुमच्या टिपणांच्या वहीत ठेवून देते, पोस्टाला तुमचा पत्ता कुठून द्यायचा. एवढंच लिहायचं राहिलं होतं, बाई: दार लागलं, मी बाकावर बसले, आणि मी तुमची कोणी नाही असं म्हटल्यावर मला बरं वाटलं होतं.