काब्यासमोर मागितलेली ऊब

९ जानेवारी
उमरा करून रात्रीच्या बसने मक्केहून घरी, कतीफला परत. पायांचे खांब झालेत. आल्या आल्या चहा टाकला, फोन उघडला. विनिपेग, उणे एकतीस. इथे बारा आहे तर मी दोन स्वेटर चढवून बसलेय. रिझवान तिकडे ट्रक चालवतो, त्याला निदान केबिनमध्ये हीटर. सूनबाईचे हाल. सनाला पाचवा लागलाय आणि रोज बसस्टॉपवर उभी. परवा म्हणाली, अम्मी, पापण्या एकमेकींना चिकटतात.
काब्याभोवती तवाफ करताना म्हणून तेच मागितलं. या अल्लाह, त्या शहराची थंडी कमी कर. दुसरं काही आठवलंच नाही. ह्यांना सांगितलं तर हसून हसून ठसका लागला. "अगो, काब्यासमोर लोक जन्नत मागतात. तू हवामान मागून आलीस!"
हसा म्हटलं. तुमची सून नाही का ती?

१९ जानेवारी
उतरली! उणे चार!! स.ने व्हिडिओ केला, हातमोजे न घालता फोन धरून उभी, मागे पागोळ्या गळतायत. तिकडचे लोक म्हणे जॅकेट उघडं टाकून फिरतायत.
खापरोळ्या केल्या. शेजारच्या उम्म हुसेनला दिल्या. तिला वाटलं कुणाचं लग्न ठरलं. म्हटलं, कॅनडात ऊन पडलंय. बिचारी बघतच राहिली, मग म्हणाली मबरूक.
फार बरं वाटतंय. माझं ऐकलं गेलं.

२४ जानेवारी
रि.चा फोन. नवीन काम मिळालंय. लांब उत्तरेला वस्त्या आहेत, उन्हाळ्यात तिथे रस्ताच नाही. वर्षाचा किराणा, डिझेल, घरांचं सामान सगळं हिवाळ्यात ट्रकने जातं. तळ्यांवरून.
"तळ्याच्या कडेने ना?"
"नाही अम्मी, तळ्यावरून. बर्फ जाड असतो. मोजतात, मगच रस्ता उघडतात. रिलॅक्स."
"आणि पट्टा लावतोस ना?"
"तिथे सीटबेल्ट नाही लावत."
का, विचारलं. मग म्हणाला, पटकन उतरता यावं म्हणून.
यंदा रस्ता अजून उघडलेला नाही. बर्फ धरतच नाहीये. जुने ड्रायव्हर सांगतात, पूर्वी केव्हाच सुरू व्हायचा, हल्ली दर वर्षी पुढे पुढेच जातोय. "वी नीड मायनस थर्टी. दुआ कर अम्मी. तुझी लागते."
फोन ठेवला.

२५ जानेवारी
ह्यांना सांगितलं. माशांचा ठोक व्यापार, सारा जन्म बर्फात गेला ह्यांचा. भडकलेच. "मला बर्फाचं सांगतो? माझ्याकडे सकाळी लादी येते, दुपारी तिचं पाणी झालेलं असतं!" मग सबख्याचं निघालं. रि. दहावीत असताना बापलेक पिकअप घेऊन किनाऱ्याकडे गेले होते. वरून टणक दिसणारी खारी जमीन, मधोमध गेल्यावर पापडी फुटली. पुढची चाकं बघता बघता चिखलात. "तेव्हा दोघे चालत आलो. खाली तळं नव्हतं."
जेवले नाहीत. मीही नाही.

२ फेब्रुवारी
आता उलटं मागतेय. पडू दे थंडी, उणे तीस, चाळीस, दगड होऊ दे पाण्याचा. अर्ध्यात जीभ अडते. स. त्याच थंडीत उभी राहणार, पोट घेऊन. एकाला मागितलं की दुसऱ्याच्या अंगावर जातं. काय करू? कुणाला विचारू? उम्म हुसेनला मोडक्या अरबीत सगळं सांगितलं. माझा हात हातात घेऊन म्हणाली, अल्लाह करीम. करीम आहेच गं. पण माझं तोंड धड नाही ना.

९ फेब्रुवारी
पडली. उणे चौतीस. रस्ता उघडला, रि. निघाला. स. घसरली बसस्टॉपवर. कोपराला लागलं, बाळ ठीक. डॉक्टरने सांगितलं, मी ऐकलं, तरी तिच्या तोंडून तीनदा वदवून घेतलं.

१४ फेब्रुवारी
पहिली खेप करून सुखरूप परत. शुक्र. म्हणतो बर्फ वाजतो, कडाड, पण वाजणारा बर्फ चांगला. मला शिकवतो!
दुसरी खेप लगेच. नको म्हटलं. ऐकतोय कोण.

२० फेब्रुवारी
तिसरा रोजा. रि. माल घेऊन वस्तीत पोचला आणि पाठीमागे हवा फिरली. पाऊस! फेब्रुवारीत, विनि.च्याही उत्तरेला पाऊस. बर्फावर पाणी साचलंय, जड गाड्यांना रस्ता बंद.
इफ्तारला हे बोलले ते बोललेच. "घे. मागितली होतीस ना ऊब?"
समोसा तळायचा होता, कढई तशीच ठेवून मी आत गेले. रडले खूप. नंतर हे दाराशी येऊन म्हणाले, चुकलो गो. पण बोलून गेलेच ना. मलाही तेच वाटत होतं म्हणून तर एवढं लागलं.

२२ फेब्रुवारी
सहरीनंतर रि.चा फोन. वस्तीत थोडी थंडी परतलीय. पहाटे पहाटे, बर्फ घट्ट असेल तेवढ्यापुरता, रिकाम्या ट्रकना सोडणार आहेत. नाहीतर ट्रक तिथेच पुढच्या हिवाळ्यापर्यंत, आणि आपण छोट्या विमानाने परत. ज्याची त्याची मर्जी.
"अब्बा नुसते नको नको करतात. तू सांग अम्मी. नाना तांडेल होते, तू होडीवाल्यांच्या घरातली."
माझे बाबा होडी घेऊन निघायचे तेव्हा मला कुणी कधी विचारलं होतं?
म्हटलं, ट्रक ठेव. विमानाने ये.
"ओके अम्मी."
फार लवकर ओके म्हणाला. लहानपणी अभ्यास झाला का विचारलं की असाच म्हणायचा.

२३ फेब्रुवारी, सकाळ
स.चा मेसेज: ढग खाली आलेत, विमान उतरू शकलं नाही. उद्याही सांगता येत नाही. रि. फोन उचलत नाही. तिला म्हटलं, झोपला असेल. ती म्हणाली, हो अम्मी. दोघी एकमेकींना फसवतोय.
चौकशी करून करून हे बाजारातून लवकर घरी. दुकान पोऱ्यावर टाकून आले, जन्मात केलं नाही असं.

संध्याकाळ
स.ने लिंक पाठवली, तिकडे आत्ता कुठे उजाडलंय. ट्रकला यंत्र असतं, कुठे आहे ते नकाशात दिसतं. उघडली. एक ठिपका. नकाशात तळं निळंच दाखवतात, बर्फ असो नसो. काठ मागे आहे, दुसरा काठ लांब आहे, आणि माझा पोरगा निळ्यात आहे.
न सांगता निघाला. ओरडेन, आधी पोचू दे, मग अशी ओरडेन की.
मगरिबची बांग झाली. हे शेजारी येऊन बसलेत, चष्मा पुसून पुसून बघतायत. दोघांच्याही हातात खजूर तसाच. रोजा सोडताना मागितलेलं खरं होतंच म्हणतात, म्हणून तोंड घट्ट मिटून बसलेय.
"हलतोय ना गो?"
"हलतोय."
मधे थांबला होता. आता पुन्हा हललाय, थोडासा.